भुंगा कळीत अडकतो, तिथे थांब

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय संपवलास आणि 'अर्थ कळला, पण आत काही हललं नाही' असं लिहिलंस. हललं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. सार्थ प्रतीत ओवीवरून नुसती नजर फिरते आणि आपण खालच्या गद्यावर उतरतो. त्या गद्यात चित्र उरत नाही.

हे कसं ऐकायचं, ते ज्ञानदेवांनी आरंभीच सांगून ठेवलंय. शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं हळुवार मनाने वेचतात, तसं. 'हें शब्देंविण संवादिजे, इंद्रियां नेणतां भोगिजे.' शब्दांवाचून बोलायचं, इंद्रियांना कळू न देता भोगायचं. आणि मग भ्रमर येतो. तो पराग घेऊन जातो, कमळाच्या पाकळीला पत्ताही लागत नाही.

अर्जुनाचं काळीज विरघळतं तिथे हाच भुंगा पुन्हा भेटतो. कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा हा गडी कोवळ्या कळीत अडकतो. 'तेथ उत्तीर्ण होईल प्राणें, परि तें कमळदळ चिरूं नेणें.' जीव देईल, पण पाकळी फाडणार नाही. इथे पुस्तक मिट. लाकडाचा भुसा पडताना बघ, मग मिटत जाणारी कळी बघ. उजेड कसा कमी होतो, पाकळी अंगाला कशी लागते. मग स्वतःला विचार, आपण कुणाकुणाला फाडून बोलतो आणि कुणापुढे दात असून चावत नाही? अर्जुनाची अडचण तुला तिथे सापडेल.

पण म्हणून भीष्म म्हणजे हे, दुर्योधन म्हणजे ते, अशी कोष्टकं मांडू नकोस. गांधीजींनी गीतेतलं युद्ध माणसाच्या हृदयातलं मानलं, गीताही तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हणते, सगळं खरं. तरी पहिल्या अध्यायात ज्ञानदेव रणांगणाला रणांगणच राहू देतात, शंखांनी सगळं ब्रह्मांड दणाणून सोडतात. कोष्टक झालं की कल्पनेला कामच उरत नाही. आणि ओवीत नसलेलं चित्र आपल्या सोयीने घुसडणं, ही तर त्याहून मोठी लबाडी.

पंधराव्याचा आरंभ मात्र आत्ताच वाच. 'आतां हृदय हें आपुलें, चौफाळुनियां भलें, वरी बैसऊं पाउलें श्रीगुरूंचीं.' हृदयाचाच चौरंग, त्यावर गुरूंची पावलं. ताम्हन नाही, फुलं नाहीत. इंद्रियांच्याच कळ्या ओंजळीत घेऊन सगळी पूजा मनात चाललेली. कल्पना हे इथे साधनेचं हत्यारच आहे. सहाव्यातली कुंडलिनी तूर्त राहू दे. ती वाचून पाठीच्या कण्यात काहीतरी शोधत बसलेले पुष्कळ पाहिलेत मी.

ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, घाई कसली? शके १२१२ मध्ये झालेली गीतेवरची ही टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, पानोपानी श्रोत्यांशी बोलते, तेव्हा मोठ्यानेच वाच, रोज थोडं. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, तिथे आवाज आपोआप खाली येतो आणि थांबायला जागा मिळते. अर्थाची ओळ तोवर कोऱ्या कागदाने झाकून ठेव.