दहाच्या आड लपलेले दोन टक्के

प्रश्न : पंप निवडीच्या विभागात नुकतीच रुजू झाले आहे. कॉलेजात ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८१ घ्यायचो. इथले सीनियर तोंडी हिशोबात १० धरतात आणि आमच्या एक्सेल शीटमध्ये ९.८०६६५ भरलेलं आहे. फ्लो कधी घनमीटर प्रति तास तर कधी लिटर प्रति मिनिट येतो. प्रेशर कुणी बारमध्ये सांगतं, कुणी ‘तीन किलो’ म्हणतं. नेमकं काय वापरायचं आणि उत्तर कुठे राउंड करायचं?

उत्तर : आधी ९.८०६६५ विषयी. हा आकडा कुठे जाऊन मोजलेला नाही. १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो प्रमाण म्हणून ठरवून दिला. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला ‘जी’ विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांजवळ ९.८३२ भरतो. त्यामुळे ९.८१ आणि ९.८०६६५ यांत पंपाच्या हिशोबापुरता काहीच फरक नाही. शीटमध्ये जे आहे ते राहू द्या. १० बद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे.

समजा फ्लो ५० घनमीटर प्रति तास, हेड (पाणी जितकं वर चढवायचं ती उंची) ३२ मीटर, पंपाची कार्यक्षमता ६८ टक्के. ९.८१ घेतलं की शाफ्टला लागणारी पॉवर ६.४१ किलोवॅट येते, १० घेतलं की ६.५४. दोन्हीला ७.५ ची मोटर पुरते, म्हणून सीनियर म्हणतात की फरक पडत नाही. आता नेहमीप्रमाणे त्यावर १५ टक्के मार्जिन लावा. पहिला आकडा होतो ७.३७, दुसरा ७.५२. बहुतेक कॅटलॉगमध्ये ७.५ नंतर थेट ११ येतो. म्हणजे ‘जी’ १० धरल्यामुळे मोटर एक साइज वर गेली. तिच्याबरोबर केबल, स्टार्टर आणि बेस फ्रेमही गेली. आणि वर ती मोटर आयुष्यभर अर्ध्याच्या थोडं वरच्या लोडवर चालणार, म्हणजे पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) खालावणार.

१० मध्ये दोन टक्के मार्जिन गुपचूप बसलेलं असतं. मार्जिन ठेवायला माझी हरकत नाही, ते हवंच. पण ते ‘मार्जिन’ असं नाव लिहून, एकाच ओळीत दिसलं पाहिजे. एकाने ‘जी’त दोन टक्के घातले, दुसऱ्याने हेड ३०.६ चं ३२ केलं, तिसऱ्याने कार्यक्षमता ७१ ची ६८ धरली, तर शेवटी हिशोब तपासणाऱ्याला कळतच नाही की किती चरबी आधीच चढली आहे. तो बिचारा वरून आणखी १५ टक्के लावतो.

शिवाय १० नेहमी सुरक्षित बाजूलाच झुकतं असंही नाही. पंपाला पाणी वर चढवायचं असतं, तिथे १० धरलं तर पॉवर जास्त निघते आणि आपण निर्धास्त राहतो. तेच सूत्र जलविद्युत टर्बाइनला लावा: १० धरलं की मिळणारी वीज दोन टक्क्यांनी फुगते. भिंत उलटू नये म्हणून तिच्या वजनावर भरवसा ठेवला असेल, तिथेही १० तुमच्या विरोधात जातं. म्हणून आकडा राउंड करताना ‘किती’च्या आधी ‘कुठल्या दिशेने’ हे विचारा. भार वर, ताकद खाली.

राउंड करायचं ते शेवटच्या ओळीत. मधल्या पायऱ्यांवर कॅल्क्युलेटरमध्ये आहे ते पुढे जाऊ द्या. सगळ्यात जास्त घात वजाबाकीत होतो. हीट एक्स्चेंजरमध्ये पाणी ६४.६ अंशांवर आत येतं आणि ६०.४ वर बाहेर पडतं, फ्लो सेकंदाला २ किलो. फरक ४.२ अंश, उष्णता ३५.२ किलोवॅट. कुणी टेबलात ६५ आणि ६० लिहिलं की फरक ५ आणि उष्णता ४१.९. एकोणीस टक्के चूक! पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ ऐवजी ४.२ घेतली असती तर पाव टक्काही बिघडला नसता. प्रमाण किमतीचे दशांश जपणारे लोक वाचलेली तापमानं बिनदिक्कत गोल करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता युनिट. आत येताना एकदाच बदला, मधला सगळा हिशोब एसआयमध्ये (मीटर, किलो, सेकंद) करा, बाहेर देताना समोरच्याला हव्या त्या युनिटमध्ये द्या. ५० घनमीटर प्रति तास म्हणजे ८३३ लिटर प्रति मिनिट, हे शेवटच्या ओळीत लिहिलं की काम झालं. ‘तीन किलो’ म्हणजे तीन किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर, अर्थात २.९४ बार, पाण्याचे ३० मीटर. तीन बार म्हणजे ३०.६ मीटर. गेजच्या अचूकतेपुढे हा फरक बऱ्याचदा नगण्य असतो, पण कोणतं युनिट ऐकलं ते कागदावर आलंच पाहिजे.

बिनयुनिटचा आकडा काय करतो ते १९८३ साली कॅनडात दिसलं. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरवरून वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पौंड प्रति लिटरचा होता. किलोसाठी ०.८ हवा होता. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं, हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवलं. सगळे प्रवासी वाचले. घनतेची किंमत चुकलेली नव्हती; १.७७ च्या शेजारी युनिट लिहिलेलं नव्हतं.

प्रश्न : केल्विनसाठी २७३ मिळवायचे की २७३.१५?

उत्तर : वायूच्या हिशोबात कोणतंही चालेल. २७ अंशांना ३०० आणि ३००.१५ यांत ०.०५ टक्क्याचा फरक आहे. तापमापक कॅलिब्रेट करत असाल तर मात्र २७३.१५ च. तुमची खरी काळजी वेगळीकडे असायला हवी: वायूच्या त्याच सूत्रात दाब निरपेक्ष, म्हणजे गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार मिळवून, घातलात का? हवेच्या टाकीवर गेज ६ बार दाखवत असेल तर आत ७ बार आहे. ६ घातलंत तर हवेचं वस्तुमान १४ टक्क्यांनी कमी निघेल, मग केल्विनचे दशांश कितीही जपा.