पोफळीला रुजू होतोयस तर
कोयनेच्या पोफळी भूमिगत वीजगृहात आधी पेल्टन टर्बाइन (पाण्याच्या झोतानं फिरणारं चाक) समजून घे; जनरेटर नंतर. लोड (विजेची मागणी) अचानक गेला की डिफ्लेक्टर झोत चाकावरून बाजूला वळवतो, झोत कमी-जास्त करणारी नीडल मात्र सावकाश बंद होते. कारण सुमारे 475 मीटर उंचीवरून येणारं पाणी झटक्यात अडवलं तर दाबाचा हबका प्रेशर शाफ्टला, म्हणजे टर्बाइनकडे पाणी उतरवणाऱ्या मार्गाला, बसतो. वरच्या बोगद्याला सांभाळायला सर्ज वेल (हा हबका जिरवणारी विहीर) आहे. ड्रॉइंगवर नीट बघून घे.

शिफ्टला आलास की गव्हर्नरचा (टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा) तेलदाब, बेअरिंगचं तापमान स्वतः जाऊन बघ. नुसत्या स्क्रीनवर विसंबणारे मला तरी पटत नाहीत.

कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या वीजगृहात बदली झाली तर मात्र फ्रान्सिस टर्बाइन: 250 मेगावॉटचे चार संच. तिथे झोत नाही, पाणी गाइड व्हेन (चाकाभोवतीची वळणारी पाती) आवरतात.