शहर, कॅमेरा आणि गुरुवारचा बाजार

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, घरी शेती आहे. वाळूज एमआयडीसीत कामाला असल्यामुळं छत्रपती संभाजीनगरात राहतो. बहुतेक दुपारचीच पाळी असते. पैसे साठवून जुना कॅमेरा घेतलाय, त्यावर १८-५५ची, कॅमेऱ्यासोबत येते ती साधी लेन्स आहे. बीबी का मकबरा, पाणचक्की, वेरूळ सगळं झालं. फोटो चारचौघांसारखेच आले. रस्त्यावर कॅमेरा काढला की लोक विचारतात, "कशाला फोटो काढायलात?" मग मी तो पिशवीत घालतो. हे शहर अजून आपलं वाटत नाही. कर्ज काढून लडाखला जावं का?

उत्तर : कर्ज काढू नका. पुढं कधीतरी लडाखला जाल, जरूर जा. पण तिथंही लोक परकेच असतील आणि कॅमेरा पिशवीतच जाईल.

'घरी शेती आहे' हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तुमच्या पत्रातलं तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. आपल्या शहरात दर गुरुवारी छावणीत जनावरांचा बाजार भरतो, आणि दुपारच्या पाळीवाल्याला सकाळ मोकळी असते. तिथं जा. पहिल्या खेपेला कॅमेरा बाहेर काढूच नका. बैल बघा, दात बघा, जोडी कामाला कशी आहे ते विचारा. देवणी जात कुठली, लाल कंधारी कुठली हे ज्याला लांबून कळतं, त्याला त्या बाजारात कुणी परकं समजत नाही. उलट तुमचं गाव कोणतं, औंदा पाऊसपाणी कसं, हे तेच विचारतील. शहरातली निम्मी माणसं तुमच्याआमच्यासारखी गावाकडनंच आलेली आहेत. त्यांच्याशी बोलायचा विषय तुमच्याकडं आहे, तो माझ्याकडं नाही.

मी लग्नाच्या ऑर्डरी करून पोट भरलं. मांडवात नवरीची आजी कॅमेरा दिसला की पदर ओढून मान फिरवते. शेजारी बसून गुडघेदुखीची चौकशी केली की तीच आजी बोलता बोलता सरळ लेन्सकडं बघते. आधी बोलणं, मग कॅमेरा. या क्रमावर माझा पूर्ण विश्वास आहे.

बाजारातल्या सौद्याची जुनी रीत तुम्ही लहानपणी पाहिली असेल. दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात; तोंडातून आकडा निघत नाही. नवशिके त्या हातांचा फोटो काढतात. मी म्हणते, चेहरे बघा. विकणारा मुद्दाम बैलाकडं बघत राहतो. घेणाऱ्याचे डोळे बारीक होतात. बोट दाबलं गेलं की विकणाऱ्याची मान नकळत हलते, आणि पलीकडं उभा असलेला त्याचा पोरगा बापाच्या तोंडावरून भाव ताडत असतो. तो पोरगा फ्रेममध्ये हवाच. १८-५५ला तिथं काही कमी पडत नाही. फक्त चार पावलं जवळ जायला लागतं.

मात्र अलीकडं जनावरांच्या बाजारात कॅमेऱ्याची धास्ती असते, आणि तिला कारणं आहेत. गाडीत जनावरं चढवताना किंवा पैसे मोजताना विचारल्याशिवाय फोटो नको. 'नको' म्हणाले तर तिथंच थांबा. 'हो' म्हणाले तर पुढच्या गुरुवारी ४ बाय ६ची प्रिंट नेऊन द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत खाली जातो, प्रिंट घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरते.

लांब जाण्यापेक्षा एका जागी परत परत जाण्यानं काय होतं, त्याचं आपल्याकडचंच उदाहरण सांगते. मद्रास लष्करातला इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला आला आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिला. त्याच्या बऱ्याचशा प्रतिकृती १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोवर त्यानं कॅमेरा हातात घेतला होता, आणि अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो १८६४मध्येच पुस्तकात छापून आले होते. प्रवासी ज्या दरीला एक दिवस देतात, तिला त्यानं आयुष्य दिलं.

मकबरा आणि वेरूळही सोडू नका, फक्त वेळ बदला. मकबऱ्याचं तोंड दक्षिणेला आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, तेव्हा गिलाव्यातली नक्षी उठून येते. मे महिन्याच्या दुपारी सगळं पांढरंफटक. कैलास लेणं पश्चिमेकडं बघतं, म्हणून तिथं सकाळी अंगणात सावली असते आणि ऊन दुपारनंतर आत येतं. सुट्टीच्या दिवशी जा, फक्त मंगळवारी नको. त्या दिवशी वेरूळ बंद असतं.

छावणीत मात्र उन्हं चढायच्या आत पोचा. देवणीचं पांढरं अंग काळ्या जमिनीपुढं उन्हात जळून जातं आणि गेलेला तपशील नंतर परत येत नाही. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे प्रकाश निम्मा करा, आणि फोटो काढल्यावर मोठा करून बघा, वशिंडावरचे केस वेगळे दिसायला हवेत.