कपाचे पैसे यायच्या आधी बोनसचा कागद काढून वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. छोटा फुटबॉल क्लब, खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळणारे, कपात (हरला की बाहेर अशी स्पर्धा) नशिबाने मोठ्या क्लबचा ड्रॉ लागलाय, म्हणजे चिठ्ठीत मोठा क्लब समोर आलाय, तोही त्यांच्या ग्राउंडवर, मॅनेजरला दोन नवे खेळाडू हवेत, कमिटीला फ्लडलाइट हवेत, आणि खजिनदार म्हणून तुम्ही विचारताय की एवढा पैसा नेमका कुठे लावू. वाचताना मला माझाच जुना सीझन दिसायला लागला. मी तीन सीझन एका छोट्या क्लबाचा खजिनदार होतो (मी सीए नाही, वकील नाही, तुमच्या असोसिएशनचे नियम मला माहीत नाहीत, तेव्हा हे सगळं एका पोळलेल्या माणसाचं बोलणं समजून वाचा). वेगळं खातं उघडा, सगळं लेखी ठेवा वगैरे तुम्हाला कळतच असेल, त्यात वेळ घालवत नाही.

पैसा कुठे लावायचा हा दुसरा प्रश्न झाला हो. पहिला प्रश्न, त्यातला तुमचा किती? आणि त्यासाठी खेळाडूंशी केलेला बोनसचा कागद काढा, आजच काढा.

आमचा कागद मीच लिहिला होता, सीझन सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटांत. आदल्या वर्षी प्रत्येक राउंडला ठरावीक रक्कम असायची. मला वाटलं, ठरावीक कशाला, मॅचला कुत्रं फिरकलं नाही तरी द्यावी लागते, त्यापेक्षा टक्केवारी लिहू म्हणजे आलं तर द्या, नाही आलं तर नाही. स्वतःला फार शहाणा समजत होतो. लिहिलं काय, तर 'कपाच्या प्रत्येक राउंडला गेटचे 20 टक्के, टीमशीटवरच्या खेळाडूंत समान' (गेट म्हणजे तिकीटविक्रीचा गल्ला, टीमशीट म्हणजे त्या मॅचसाठी निवडलेल्या खेळाडूंची यादी). बस, एवढंच. पहिल्या दोन-तीन राउंडला माणसंच इतकी कमी होती की कोणी आकड्याकडे बघितलंही नाही, पाकिटं वाटली, सगळे खूश.

मग मोठा ड्रॉ लागला, आमच्याच ग्राउंडवर. मॅच हरलो पण ग्राउंड तुडुंब भरलं होतं. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसात एकेका गेटचे आकडे जुळवत बसलो होतो, फुकट पास वेगळे, लहान मुलांची तिकिटं वेगळी, आणि कॅप्टन दारात येऊन उभा राहिला. त्याने काहीच वाद घातला नाही. लाउडस्पीकरवर जाहीर झालेला प्रेक्षकांचा आकडा गुणिले पूर्ण तिकीट, त्याचे 20 टक्के, भागिले 16, असा हिशोब फोनवर करूनच आला होता, आणि तो फोन त्याने नुसता माझ्यापुढे धरला. माझं काम अजून निम्मंही झालं नव्हतं.

आता यात घोळ काय ते बघा. समजा गेटवर 100 आले. त्यातून तिकिटावरचा कर, स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारी माणसं), पोलीस, छपाई, जादा टॉयलेट असं सगळं मिळून 20 गेले. उरले 80. हे 80 पण तुमचे नसतात, कपात गेट वाटून घ्यायचं असतं. इंग्लंडच्या एफए कपात (तिथली मोठ्या-छोट्या सगळ्या क्लबांची बाद स्पर्धा) बराच काळ चालत आलेली पद्धत बघा, दोन्ही क्लबना 45-45 टक्के आणि 10 टक्के सामायिक निधीला. म्हणजे 80 मधले तुमच्या हातात 36. आणि मी लिहून काय बसलो होतो, तर गेटचे 20 टक्के, म्हणजे 100 चे 20! छत्तीसातले वीस बोनसलाच गेले, वर बोनस म्हणजे पगारच धरतात त्यामुळे पगारावर मालक म्हणून क्लबला जे भरावं लागतं ते वेगळं. त्याऐवजी 'क्लबच्या निव्वळ वाट्याचे 20 टक्के' एवढं लिहिलं असतं तर सव्वासातच्या आसपास भागलं असतं. दोन शब्दांचा खेळ हो. तुमची मॅच अवे (त्यांच्या ग्राउंडवर) आहे म्हणून खर्च त्यांच्या गळ्यात असतील, आकडे थोडे वेगळे पडतील, पण वाटणी आहेच, आणि कागदावर नुसतं 'गेट' लिहिलं असेल तर त्या मोठ्या स्टेडियमचं गेट म्हणजे काय असतं याचा विचार करा आणि मग झोप लागते का सांगा.

बरं, पैशापुरतं असतं तरी गिळलं असतं. खरं नुकसान 'टीमशीटवरच्या' या शब्दाने केलं. आमच्याकडे दोन पोरं लोनवर (दुसऱ्या क्लबकडून थोड्या काळासाठी उसनी) आली होती, त्यांच्या मूळ क्लबने कपात खेळायची परवानगी दिली नव्हती (बहुतेक क्लब देत नाहीत, नंतर आपल्याला कपात खेळवायचं असेल तर तो बाद होतो म्हणून). म्हणजे त्यांना शून्य. आणि कपामुळे लीगच्या (वर्षभर चालणाऱ्या नियमित स्पर्धेच्या) ज्या मॅच पुढे गेल्या त्या सगळ्या मंगळवारी रात्री कोंबल्या गेल्या, तिथे दमलेल्या टीमला ओढायला कोण, तर हीच दोघं. त्यातला लेफ्टबॅक मला एकदा पार्किंगमध्ये अगदी शांतपणे म्हणाला, दादा, शनिवारचं पाकीट त्यांना आणि मंगळवारचा चिखल मला, असं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा दिवसांत चार लीग मॅच खेळलो, तीन हरलो. कपाआधी पाचवे होतो, संपताना चौदावे. ड्रेसिंग रूममध्ये दोन गट पडले ते मेपर्यंत तसेच राहिले. लोक म्हणतात कपाचा थकवा, थकवा होताच, पण पाय दमलेत की मन उठलंय हे बाहेरून कळत नाही.

कमिटीने तेवढ्यात अजून एक अक्कल काढली, अर्धे आता देऊ, बाकीचे टीव्हीचे पैसे आले की. ते पैसे ज्या ऑफिसमधून यायचे (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) त्यांनी आमचा फॉर्म दोनदा परत पाठवला, एकदा एका पानावर सही राहिली म्हणून आणि एकदा सही आहे पण शिक्का नाही म्हणून, आणि दोन्ही वेळा हे कळायला तीन-तीन आठवडे लागले कारण ते फोन उचलत नाहीत आणि मेलला 'आपला मेल मिळाला' एवढंच उत्तर येतं. अरे मिळाला तर वाचा ना! तोवर खेळाडूंना वाटतंय खजिनदार पैसे दाबून बसलाय, आणि मी बँकेपुढे ओव्हरड्राफ्टसाठी हात पसरून उभा. ज्या वर्षी क्लबाने आयुष्यातला सगळ्यात जास्त पैसा कमावला त्याच वर्षी मी पगारासाठी उसनवारी केली. तेव्हा पैसे कधी येणार, कोणाकडून, कोणत्या कागदावर, हे मॅचच्या आधी लेखी विचारून घ्या. 'लवकरच' हे उत्तर धरू नका.

कप लीगला खातो हे नेहमीच खरं असं मी म्हणणार नाही. इंग्लंडचा लिंकन सिटी क्लब, 2017 मध्ये पाचव्या पातळीवरून एफए कपाच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेले, वाटेत प्रीमियर लीगमधल्या (तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या) बर्नलीला त्यांच्याच ग्राउंडवर हरवलं, आणि त्याच सीझनला लीग जिंकून वरही गेले. पण उलटी उदाहरणं पण डोळ्यासमोर ठेवा. विगनने 11 मे 2013 ला मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून प्रीमियर लीगमधून खाली गेले. फ्रान्सचा ले झर्बिए हा तिसऱ्या पातळीवरचा क्लब 2018 मध्ये पीएसजीविरुद्ध कपाची फायनल खेळला आणि त्याच आठवड्यात लीगमधून घसरला. घसरल्यावर जे उत्पन्न जातं ते दरवर्षीचं असतं, कपाचं आलेलं एकदाच. एवढं गणित तरी मॅनेजरला दाखवा.

पैशाचं चांगलं उदाहरण मला इंग्लंडच्याच एक्सेटर सिटी क्लबचं आवडतं. 2005 ला नॉन-लीगमध्ये (फुटबॉल लीगच्या खालच्या पातळीवर) होते, क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या हातात, डोक्यावर कर्ज. एफए कपात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर 0-0 थांबवलं, 67 हजारांवर लोक होते, रिप्ले (बरोबरी झाली म्हणून परत खेळायची मॅच) घरच्या ग्राउंडवर झाली ती 2-0 ने हरले पण त्या दोन मॅचच्या कमाईने जुनी देणी फिटायला मोठा हातभार लागला. 2008 ला परत फुटबॉल लीगमध्ये. आता 2024-25 पासून एफए कपात मुख्य स्पर्धेच्या पहिल्या राउंडपासून पुढे रिप्लेच काढून टाकल्यात, म्हणजे ती दुसरी कमाई गेली, छोट्या क्लबांच्या तोंडचा घास गेला असं माझं मत, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर मी रात्रभर बोलेन.

तुमच्या दोन खेळाडूंबद्दल: घ्या, पण फक्त सीझन संपेपर्यंतच्या करारावर. कपाच्या पैशावर दोन वर्षांचा पगार कबूल करणं म्हणजे मोठ्ठा मूर्खपणा, पुढच्या वर्षी पहिल्याच राउंडला बाहेर पडलात तर तो पगार कोण देणार? फ्लडलाइटला माझा विरोध नाही, उलट आधी थकलेली देणी, मग ग्राउंडवर दिसेल अशी वस्तू, आणि सगळ्यात शेवटी पगार, असा माझा क्रम (कमिटीतले माझे मित्र आजही यावरून मला कंजूष म्हणतात). फक्त ऑर्डर पैसे खात्यात आल्यावर द्या, ड्रॉ लागल्यावर नाही. आणि या वर्षी आलेल्या पैशावर कर कधी आणि किती पडतो ते अकाउंटंटला आत्ताच विचारा, मार्चमध्ये नको.

अजून एक, तुमची मॅच अवे आहे म्हणून हे लागू नाही पण पुढच्या राउंडला होम लागली तर लागेल. जास्त गेट मिळेल म्हणून मॅच त्यांच्या ग्राउंडवर हलवायचा मोह होतो. फार्नबरो या छोट्या इंग्लिश क्लबने 2003 ला आर्सेनलविरुद्धची एफए कपाची होम मॅच आर्सेनलच्या हायबरी ग्राउंडवर नेली, 5-1 हरले, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा मॅनेजर दुसऱ्या क्लबकडे गेला, मागोमाग काही खेळाडूही. पैसे आले असतील, पण आपल्या ग्राउंडवर मोठा क्लब बघायची गावाची संधी गेली ती गेलीच. मी असतो तर हलवली नसती. नियम बघा, तुम्हाला परवानगी आहे की नाही हेही बघा.

तिकिटांचं एक सांगतो, हे आम्ही बरोबर केलं होतं म्हणून मिरवतो. मोठ्या मॅचची तिकिटं थेट विकू नका, आधी एका साध्या लीग मॅचला कूपन द्या आणि कूपन असलेल्यांना पहिला हक्क. ती मंगळवारची रिकामी मॅच भरते, आणि नावं-नंबर घेतले तर पुढच्या वर्षी सीझन तिकिटासाठी कोणाला फोन करायचा ते कळतं. आणि ज्या पोरांना त्या दिवशी कामावरून रजा घ्यावी लागते त्यांचा बुडालेला रोज क्लबाने द्यावा, तो बोनसमधून कापू नका प्लीज, फार लागतं मनाला.

कागद अजून बदलता येत असेल तर बदला, पण खेळाडूंना समोर बसवून, मॅचच्या आधी, पूर्ण स्क्वॉडला वाटा मिळेल असा, लोनवाल्यांसकट. मॅच झाल्यावर बदलायला गेलात तर चोर ठराल. सही झालीय आणि ते ऐकत नाहीत असं असेल तर जे लिहिलंय ते द्या, मुकाट्याने द्या, मी शेवटी तेच केलं.

बोनसच्या ओळीत 'गेट' पुढे नेमका कोणता शब्द आहे ते नावं काढून इथे टाका, मी रात्री दहानंतर बघतो.