ट्रंकेतल्या रेकॉर्डी आणि तुझं टर्नटेबल

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आजोळच्या जुन्या रेकॉर्डी ऐकायला कुठलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घ्यावं असं विचारत तू पाठवलेले चारही फोटो मोठे करून निवांत पाहिले. ‘दिसायला देखणं हवं’ असं तू दोनदा लिहिलंस आणि दोन्ही वेळा माफी मागितल्यासारखं लिहिलंस. माफी कशाला? जी वस्तू रोज डोळ्यांसमोर राहणार ती देखणी असावी असं वाटणारच. १९५६ साली ब्राउन कंपनीसाठी डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांनी पारदर्शक झाकणाचा रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर केला, तो आज म्युझियममध्ये ठेवलेला आहे. तेव्हा देखणंच घे. फक्त आपल्या गावात उघडता येईल, दुरुस्त करता येईल असं घे. बंद पडलेलं सुंदर यंत्र दिवाणखान्यात बघवत नाही.

पण आधी खानापूरच्या आजोळची ती ट्रंक उघड. आत काय आहे ते कळल्याशिवाय यंत्र ठरवू नकोस. रेकॉर्ड हातात घेऊन नखानं हलकं टिचकव. कौलासारखा टणक आवाज आला, वजनाला जड लागली आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असेल, तर ती लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. वाकवून बघू नकोस, तडकेल. १९४८ साली आलेली एल.पी., म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, व्हिनाइल प्लास्टिकची, ती मिनिटाला साडेतेहतीसला थोडी कमी, म्हणजे ३३⅓ फेरे घेते. तू सांगतेस ती आजोबांची नाट्यपदं असतील तर बहुतेक ७८ निघणार. मग ज्या यंत्रावर ७८ नाही ते कितीही नावाजलेलं असो, तुझ्या कामाचं नाही. सगळे ज्याचं नाव घेतात ते टेक्निक्सचं १२०० मार्क टू, १९७९ चं, अतिशय भक्कम आहे, पण त्यावर फक्त ३३ आणि ४५ आहेत.

पितळी कर्ण्याचा फोटो बाजूला ठेव. जुन्या बाजारात मिळणारे असे कर्णे पुष्कळदा नव्यानं जोडून जुने दिसतील असे केलेले असतात. आणि खरा चावीचा ग्रामोफोन मिळाला तरी त्यावर एल.पी. कधी लावायची नाही. त्याची लोखंडी पिन आणि जड डोकं एका फेरीत खाचा खरवडून काढतात.

सुटकेससारख्या पेटीतल्या प्लेअरच्या फोटोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं मी स्वतः हात पोळून घेतलाय. तरुणपणी माझ्याकडे असाच पेटीचा प्लेअर होता, सिरॅमिक कार्ट्रिजचा (कार्ट्रिज म्हणजे पिन जिच्यात बसते आणि जी पिनीच्या थरथरीचा विजेचा संकेत करते ती डबी). डोकं जड, पिन कधी बदलली होती कुणास ठाऊक. वडिलांची एक आवडती एल.पी. मी त्यावर पावसाळाभर रोज ऐकली. एक दिवस पिनीच्या टोकाला काळसर पूड दिसली, मी ती फुंकून टाकली आणि पुन्हा लावली. पुढं चांगलं यंत्र आलं तेव्हा तीच रेकॉर्ड लावली, तर तार सप्तकातल्या प्रत्येक स्वरावर खरखर. ती पूड रेकॉर्डीचीच होती. ती एल.पी. अजून माझ्याकडे आहे, पण वडील असेपर्यंत मी ती त्यांच्यासमोर पुन्हा लावली नाही. म्हणून सांगतो, पिनीचा भार ग्रॅममध्ये विचारायचा. बऱ्याचशा मॅग्नेटिक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम पुरतो. ठरवलेल्या पैशांतला निदान चौथा हिस्सा नव्या पिनीसाठी आणि फोनो प्रीॲम्पसाठी, म्हणजे पिनीकडून येणारा बारीक संकेत मोठा करणाऱ्या डबीसाठी, वेगळा काढ. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज इतका बारीक असतो की प्रीॲम्पशिवाय तो स्पीकरपर्यंत पोचत नाही. आणि ७८ साठी वेगळी, जाड टोकाची पिन लागते. एल.पी.ची पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

आता ते अमेरिकेहून आलेलं, मोटर रबरी पट्ट्यानं थाळी फिरवते ते यंत्र. दिसायला झकास आहे, अक्रोडाचं लाकूड, आर्म, म्हणजे पिन धरणारा दांडा, चकचकीत. पण मागची पाटी वाच. त्यावर ६० सायकल (हर्ट्झ) लिहिलंय. आपली वीज ५० सायकलची. अशा मोटरीचा वेग सायकलींवर ठरतो, व्होल्टेजवर नाही, त्यामुळं नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. ३३⅓ च्या जागी थाळी २८ फेरेही पुरते घेणार नाही. म्हणजे आवाज हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांनी खाली येतो, काळी चारचा षड्ज थेट पांढरी चारवर. १९२४ साली आपल्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला. त्या मुलखात राहून स्वर इतका उतरलेला ऐकायचा? मोटरीची पुली मापानं मोठी करून बसवली तर प्रश्न सुटतो, आणि उद्यमबागेत लेथवर बसणारा कुठलाही चांगला टर्नर ती करून देईल. ते मान्य असेल तरच त्या यंत्राचा विचार कर.

माझं मन चौथ्या फोटोवर आहे. लेन्को एल ७५, स्वित्झर्लंडचं. जवळपास चार किलोंची थाळी, आणि तिच्याखाली उभं रबरी चाक, जे शंकूच्या आकाराच्या शाफ्टवर पुढं-मागं सरकतं. त्यामुळं १६, ३३, ४५ आणि ७८ आहेतच, पण मधला कुठलाही वेग हातानं धरता येतो. जुन्या लाखेच्या रेकॉर्डी सगळ्याच नेमक्या ७८ वर भरलेल्या नसत. तंबोरा लाव, गाणं सुरू कर आणि षड्ज जुळेपर्यंत वेगाची दांडी सरकव. हे सुख दुसऱ्या फार थोड्या यंत्रांत आहे. आत इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाही, सगळं लोखंड, पितळ आणि रबर. आपल्याकडं दुरुस्त होणारं म्हणतो ते हे.

बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस. थाळीची कड दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर धर आणि हळूच एकीकडून दाब, मग दुसरीकडून. बारीकसा ‘टक’ लागला तर बुश, म्हणजे थाळीचा दांडा जिच्यात फिरतो ती नळी, झिजलाय. तोही नवा होतो, पण किंमत त्या हिशेबानं ठरव. आर्मचं वजन असं लाव की तो हवेत आडवा तरंगेल, मग त्याला नुसती फुंकर मार. सहज जाऊन सहज थांबला तर बरा. अडकत असेल तर लेन्कोत आर्मखालचे रबरी ठोकळे कुजलेले असतात. ते बदलता येतात, नवे बनवणारे आहेत. आर्मच्या मागचं वजन आहे ना, हेही पाहा. फार यंत्रं त्याच्याशिवाय विकायला येतात. वेगासाठी मोबाईलचं घड्याळ पुरे: थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लाव, ३३ वर ठेव आणि मोज. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. शेवटी मोटर चालू ठेवून पेटीच्या लाकडाला कान लाव. ठराविक वेळानं धप धप आलं तर रबरी चाकाला एका जागी चपटा डाग पडलाय. चाक लेथवर बारीक घासून गोल करून घ्यायचं, किंवा नवं रबर चढवायचं.

आणताना थाळी आणि वजन काढून वेगळं गुंडाळ, आर्म बांध, आणि पेटी बसच्या डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे.

घरी जागा कुठली? तुमच्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशी आहे, तिथं नको. कुणी जिना चढला की पिन उडेल. खालच्या खोलीतली ती जाड मातीची भिंत घे. तिच्यात कडाप्प्याची फळी बसवून घे आणि गवंड्याकडून पाणसळ (सपाटी तपासायची पट्टी) मागून दोन्ही बाजूंनी लावून बघ. स्पीकर त्या फळीवर ठेवायचे नाहीत. आणि अर्थिंग तपासून घे. जुन्या वायरिंगमध्ये ते नसतंच पुष्कळदा, आणि मग गाण्यामागं सतत घूं घूं चालू राहतं.

आपला पाऊस तुला सांगायला नको, खानापूरकडचा तर नकोच. जूनच्या आधी रेकॉर्डी बाहेरच्या भिंतीपासून लांब, उभ्या ठेव. बुरशी दिसली तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडानं, खाचेच्या दिशेनं पूस, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नकोस. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट चुकूनही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते, आणि गाणंही तिच्याबरोबर जातं.

विकणाऱ्याला सांग, काका फोनवर ऐकणार आहेत. यंत्र सुरू करून मोबाईल पेटीवर ठेव. आणि ट्रंकेतली एक लाखेची रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून रविवारी दुपारी इकडं घेऊन ये. जाड टोकाची एक पिन माझ्याकडं आहे. आजीलाही आण, तिला पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून मी यंत्र खालच्या खोलीत मांडून ठेवतो.

तुझा,
काका