क्षमा मिळाल्यावर हिशेब कशाला?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार आहे. हंगामाच्या सणाला होणाऱ्या लिलावातून आजाऱ्यांसाठी निधी जमतो. त्यातले 24,000 रुपये त्याने घरच्या अडचणीत वापरले. मध्यंतरी डायालिसिसवर असलेल्या एका बांधवाच्या घरच्यांनी मदत मागितली, तेव्हा त्याने ‘हिशेब चालू आहे’ असे सांगून त्यांना परत पाठवले. आता तो म्हणतो, की आमच्या आजोबांनी सावकारी केली म्हणून घराण्यावर शाप होता, तो एका प्रार्थना सभेत तोडला गेला आणि प्रभूने क्षमाही केली. तेव्हा मंडळीपुढे जाण्याचे कारण उरले नाही. ही रक्कम मी माझ्या पगारातून गुपचूप भरून टाकावी का?
— एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : भगिनी, रक्कम गुपचूप भरू नका. भावाची अब्रू वाचावी ही आपली तळमळ मी जाणतो; पण या वाटेने निधी भरून निघेल आणि भाऊ मात्र आहे तिथेच राहील.

आधी शापाविषयी. वडिलांच्या अन्यायाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो, असे निर्गम 20:5 मध्ये म्हटले आहे, आणि त्याच वचनाच्या आधारे पिढीजात शापाची शिकवण आपल्याकडे अनेक सभांतून दिली जाते. आजोबांच्या वागण्याची झळ नातवंडांना लागते, हे कोणी नाकारणार नाही. मात्र झळ लागणे वेगळे आणि नातवाने स्वतः केलेल्या कृत्याचा दोष आजोबांच्या माथी मारणे वेगळे. ख्रिस्तपूर्व 597 मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांमध्ये यहेज्केल संदेष्टा होता. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण त्या लोकांच्या तोंडी बसली होती. घरदार आणि मंदिर दुरावलेल्या माणसांनी असे म्हणावे, यात नवल नव्हते. तरीही ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे परमेश्वराने संदेष्ट्याकडून त्यांना कळवले. त्याच अठराव्या अध्यायात तीन पिढ्यांचे उदाहरण आहे : नीतिमान बाप, त्याचा जुलमी मुलगा आणि त्या मुलाचा मुलगा. मधल्या माणसाच्या पापांच्या यादीत व्याज घेणे आणि नफेखोरी स्पष्ट शब्दांत आलेली आहे. नातू हे सर्व डोळ्यांनी पाहतो, विचार करतो आणि तसे करत नाही. तो जगेल, असे परमेश्वर म्हणतो. आपल्या घराण्याची हकिकत या अध्यायाच्या इतकी जवळची आहे, की भावासोबत बसून तो एकदा मोठ्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

दोष दुसरीकडे ढकलण्याची सवय पवित्र शास्त्राने कुठेही झाकलेली नाही. आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, आणि ‘तू दिलेली स्त्री’ असे म्हणून ते देवाकडेही वळवले. मोशेचा भाऊ अहरोन याने लोकांना पूजण्यासाठी स्वतःच्या हाताने कोरणीने सोन्याचे वासरू घडवले होते. मोशेने जाब विचारला तेव्हा मात्र आपण सोने अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर आले, असे त्याने सांगितले. संत अगस्तिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथीयांच्या, म्हणजे मानी नावाच्या धर्मगुरूच्या अनुयायांच्या, संगतीत होते. पाप आपण करत नसून आपल्यातला दुसराच कोणीतरी ते करतो, हा त्या पंथाचा विचार तेव्हा आपल्या गर्वाला सुखावत असे, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. शापाच्या या बोलण्यातही तेच सुख आहे, आणि म्हणूनच ते मला घातक वाटते : ज्याने काही केलेच नाही, त्याला पश्चात्ताप तरी कशाचा करता येईल?

क्षमेचा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण त्यात भावाचे अर्धे म्हणणे खरे आहे. ख्रिस्ताच्या रक्ताने मिळणारी क्षमा आपण परतफेडीने विकत घेत नाही. पण मोशेच्या नियमशास्त्रात (लेवीय 6 आणि गणना 5) ज्याने दुसऱ्याचे घेतले त्याने पाप कबूल करावे, मुद्दल परत करावे, त्यात पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचे असेल त्याला ते द्यावे, असे सांगितले आहे. लेवीयमध्ये तर दोषार्पणाच्या दिवशीच ते द्यावे, असे बजावले आहे. वेदीवर अर्पण आणि शेजाऱ्याचे पैसे आपल्याच घरात, ही सोय देवाने ठेवलेली नाही. आता जक्कय पाहा. यरीहोचा हा मुख्य जकातदार लोकांकडून अन्यायाने घेतलेल्या पैशांची आपण होऊन कबुली देत होता, म्हणजे पाचव्या हिश्शावर त्याचे भागले असते. पण त्याने चौपट देऊ केले, जे चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर भरावे लागे. येशूने त्याच्याकडे काहीही मागितले नव्हते. फक्त ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ एवढेच तो म्हणाला होता. स्वीकार आधी झाला आणि हिशेबाची वही त्यानंतर उघडली. क्षमेमुळे माणसाला आपल्या कृत्याकडे न भिता पाहण्याचे बळ मिळते, असे मी मानतो. ज्याला वही उघडायचीच नाही, त्याने ती क्षमा अजून हातात घेतलेली नाही, असे मला वाटते. कॅथलिक वाचकांना हे नवे नाही, कारण चोरलेली वस्तू परत करणे हा तिथे प्रायश्चित्ताचाच भाग मानला जातो.

आपल्या मदतीविषयी फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र पाहावे. फिलेमोनाचा दास अनेसिम याने काही नुकसान केले असेल किंवा त्याच्याकडे काही येणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहितो. दुसऱ्याचे देणे प्रेमाने अंगावर घेण्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. पण ते पत्र गुप्त नव्हते. अभिवादनात फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीचाही उल्लेख आहे, आणि अनेसिमाला त्या दारी स्वतः परत जावे लागले.

म्हणून भावाने पावतीपुस्तक आणि बँकेचे पासबुक घेऊन पाळक आणि पंचकमिटी यांच्यापुढे स्वतः जावे, रक्कम आकड्यात सांगावी आणि खजिनदारपद सोडावे. पाचवा हिस्सा धरला तर 28,800 रुपये होतात. ख्रिस्ती माणसावर तो आकडा कायद्यासारखा बंधनकारक नाही, तरी तेवढे देण्याची तयारी त्याने दाखवावी. एकरकमी जमत नसेल तर हप्ते कमिटीने ठरवावेत. आपण पैसे द्यायचे असल्यास सर्वांसमक्ष, त्याला दिलेले कर्ज म्हणून द्यावेत. कमिटी कठोर निर्णय घेईल, कदाचित कायदेशीर पाऊलही उचलेल. तसे होणार नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही, आणि त्याने कबुलीच्या बदल्यात तशी अट घालू नये. त्या लिलावात लोक भोपळ्याला बाजारापेक्षा कितीतरी जास्त बोली लावतात, ती भोपळ्यासाठी नव्हे, आजाऱ्यांसाठी. त्यांचा विश्वास दुखावला आहे, आणि तो परत यायला वेळ लागेल.

डायालिसिसवर असलेल्या त्या बांधवाच्या घरी मात्र त्याने कमिटीच्या निर्णयाची वाट न पाहता जावे. हिशेब चालू नव्हता, पैसे मी वापरले होते, हे वाक्य त्या घरात त्याच्याच तोंडून गेले पाहिजे; आपण सोबत गेलात तरी ते आपण बोलू नका.