बडमे हे निमित्त होतं

प्रश्न : इथिओपिया आणि एरिट्रियाचे नेते एकेकाळी एकत्र लढले. मग १९९८ मध्ये बडमेसारख्या ओसाड गावासाठी ते एकमेकांवर का उलटले? – एक वाचक, सातारा

उत्तर : मी दोन वर्षं उत्तर इथिओपियात, टिग्रे प्रांताच्या राजधानीत, मेकेले शहरात शिकवायला होते. हाच प्रश्न मी तिथल्या एका सहकारी बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "बडमेचं नाव आम्हीसुद्धा युद्धातच ऐकलं."

१९९१ मध्ये दोघांनी मिळून इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्टू याची राजवट उलथवली. एरिट्रियाच्या इसायस अफवेर्कींच्या फौजेने त्यांची राजधानी अस्मारा घेतली, टिग्रेच्या मेलेस झेनावींच्या आघाडीने इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा. १९९३ च्या सार्वमतानंतर एरिट्रिया वेगळा झाला तो इथिओपियाच्या संमतीने. या वाटणीत इथिओपियाचा सगळा समुद्रकिनारा गेला, तरी मेलेस सरकारने कुरकुर केली नाही. पण हद्द आखून घ्यायची राहिली. आपलीच माणसं आहेत, बघू पुढे, असं झालं. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथे.

जुनी अढीही होती. १९८५ च्या दुष्काळात एरिट्रियाच्या लढवय्यांनी टिग्रेच्या लोकांची सुदानकडून येणारी रसद अडवली होती. मेकेलेत ते कुणी विसरलेलं नव्हतं.

मग पैशाचं आलं. एरिट्रियात इथिओपियाचाच बिर्र चालायचा. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी नाक्फा हे स्वतःचं चलन काढलं आणि तो बिर्रच्या बरोबरीने चालावा असं म्हटलं. इथिओपियाने मोठे व्यवहार डॉलरमध्ये मागितले. सीमेवरचा रोजचा व्यापार अडला. सहा महिन्यांत बडमेला गोळ्या सुटल्या. दोन वर्षांत हजारोंनी माणसं मेली. २००२ मध्ये सीमा आयोगाने बडमे एरिट्रियाला दिलं, पण इथिओपियाने ताबा सोडला नाही.

त्या बाईंची सख्खी बहीण अस्मारात होती. दोघींची भाषा एकच, टिग्रिन्या, पण फोन बंद. निरोप जायचा तो तिसऱ्या देशातल्या नातेवाइकांकडून. बाई कॉफी करताना मातीचा जेबेना निखाऱ्यावर ठेवायच्या आणि दरवेळी सांगायच्या, "हा आईचा. याची जोडी तिच्याकडे आहे."

जुलै २०१८ मध्ये समेट झाला, लाइन सुरू झाली. बाईंनी मला कळवलं : बहिणीने पहिल्यांदा जेबेनाचीच चौकशी केली.

नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत युद्ध पेटलं. या वेळी एरिट्रियाचं सैन्य अदिसच्या सरकारच्या बाजूने टिग्रेत शिरलं. तेव्हापासून कितीतरी महिने बाईंना माझाही फोन लागत नव्हता.